संकटाआधीचा कागद

मुंबईच्या गिरणगावात संपाचा विषय निघाला की बोलणे १९८२ वर येते. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, १८ जानेवारीला सुरू होऊन रीतसर कधी मागेच न घेतलेला तो संप. लहान धंद्यांच्या दृष्टीने मात्र त्याआधीचा, १९७३-७४ चा गिरणी संप अधिक सांगण्यासारखा आहे. तो फारसा कुणाला आठवत नाही. त्या संपाने खानावळवाल्या बायकांच्या धंद्याचे दुखणे चव्हाट्यावर आणले.

कोकणातून, घाटावरून आलेला गडी बायकापोरे गावी ठेवून मुंबईत राही. त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय लालबाग-परळच्या चाळीतली एखादी बाई एका खोलीत करी. त्याच खोलीत तिचा संसार, तिथेच चूल आणि तिथेच पंगत. पाळ्या बदलत, तसे जेवणाचे वेळापत्रकही बदले. जेवणाचे पैसे पगाराला. तोवर वाण्याकडून तांदूळ-डाळ उधार, आणि वाण्याने हात आखडला की सावकार. संपात पगार थांबला आणि ही साखळी पहिल्या कडीलाच तुटली. जेवणारे मात्र होतेच. रोज ताटावर बसणाऱ्याला तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून बायकांनी घरातली भांडी काढली, काहींनी मंगळसूत्र गहाण टाकले. संप ज्यांच्या चुलीवर तगला त्यांचा उल्लेख संपाच्या गौरवकथांत क्वचितच सापडतो. हे आपल्याकडच्या चळवळींचे जुनेच दुखणे.

कामगार चळवळीत काम करणाऱ्या आणि गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या प्रेमा पुरव यांच्या नजरेतून या बायकांचे हाल सुटले नाहीत. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पहिल्या १४ जणींना राष्ट्रीयीकृत बँकेकडून प्रत्येकी १,५०० रुपयांचे कर्ज मिळाले. रक्कम आज किरकोळ वाटेल. पण बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती, आणि तारण ठेवायला या बायकांकडे काही नव्हते. मग गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या. बँकेच्या लेखी तोवर ती बाई कुणाची तरी बायको होती. कर्जाच्या अर्जाने ती धंदेवाली ठरली. माझ्या मते मंडळाची खरी कमाई ही. सावकाराचे व्याज सुटले ते त्यातूनच.

पुढे १९८२ च्या संपाने गिऱ्हाईकच गावी पाठवले. तेव्हा नुसत्या चाळीतल्या पंगतीवर जगणाऱ्या खानावळी बसल्या. मंडळाने मात्र केटरिंगचीही कामे घेतली, त्यामुळे त्यातल्या बायकांना गिरणीबाहेरचे गिऱ्हाईक मिळण्याची वाट तरी होती. धंदा तगवण्याचे दुसरे उदाहरण लिज्जत पापडचे. गिरगावात १९५९ मध्ये सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या या उद्योगालाही पहिल्या वर्षी पावसाने चार महिने काम बंद ठेवायला लावले होते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि पावसाळ्यातही काम चालू. पुढच्या पावसाची तयारी अशी हिशेबात धरून केली, म्हणून धंदा तगला.

आता २०२० पाहा. टाळेबंदीत केंद्राने लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटींची हमी देणारी आपत्कालीन कर्जयोजना आणली. कर्ज किती मिळणार? २९ फेब्रुवारी २०२० ला जे कर्ज येणे बाकी म्हणून खात्यावर होते, त्याच्या सुरुवातीला २० टक्के. म्हणजे आधी बँकेकडे गेलेल्यालाच संकटात दार उघडे. ज्याने आयुष्यभर कुणाचे देणे ठेवले नाही, तो या योजनेच्या हिशेबात नव्हताच! फेरीवाल्यांसाठी त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या स्वनिधी योजनेत १०,००० रुपयांचे कर्ज होते, पण विक्री प्रमाणपत्र हवे, किंवा पालिकेचे शिफारसपत्र. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा. पालिकांनी सहा वर्षांत सर्वेक्षणे नीट उरकली असती, तर त्या वर्षी शिफारसपत्रांसाठी पळापळ करावी लागली नसती.

चिपळूणच्या बाजारपेठेत जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले, २००५ नंतर पुन्हा. मदत जाहीर झाली: दुकानदाराला ५० हजारांपर्यंत, टपरीला १० हजारांपर्यंत. पंचनामा म्हटला की कागद आले, आणि चिखलातून परवाना शोधायचा म्हणजे काय हे तिथल्या दुकानदारांना विचारावे.

हल्ली लहान धंद्याने ‘दिसले पाहिजे’ असे सगळे सांगतात आणि लगेच इन्स्टाग्रामचे पान काढून देतात. त्याने गिऱ्हाईक येते, खोटे नाही. पण महापुरात तलाठी आणि मंदीत बँकेचा मॅनेजर ते पान उघडून पाहत नाही. त्यांना लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी लागते, धंद्याच्या नावाचे खाते लागते, विम्याची पॉलिसी लागते. ही कामे एकट्या खानावळवालीने सुट्टी काढून, रांगेत उभे राहून करावीत ही अपेक्षाच चुकीची आहे.

व्यापारी संघटनांनी, महिला मंडळांनी आणि गणेशोत्सव मंडळांनी ती एकत्र करावीत. वर्गणीच्या पावत्यांसाठी मंडळाची पोरे गल्लीतल्या प्रत्येक टपरीवर जातातच. यंदा जाताना सोबत उद्यमचा अर्ज भरून देणारा एक जण घ्यावा.