स्क्रूची मान, सरसाची मान

पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेल्या मुलांना हमखास एक उपदेश मिळतो: अस्सल गिटार सेट नेकची, म्हणजे सरसाने चिकटवलेल्या मानेची; स्क्रूने जोडलेली बोल्ट-ऑन नेक म्हणजे कारखान्याची बचत, तिच्यात सूर टिकत नाही. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात लहानपणापासून कापड बोटांनी चोळून पारखणारी मुलेही गिटारीपुरती या ऐकीव मतावर विसंबतात आणि ऐपतीबाहेरचे वाद्य घेतात. हे मत चुकीचे आहे.

पूर्वपक्ष असा: सरसाने चिकटवलेली मान बॉडीशी एकजीव होते, तारेचे कंपन विनाअडथळा लाकडात उतरते, म्हणून सस्टेन, म्हणजे सूर टिकण्याचा काळ, वाढतो. यातली शेवटची पायरीच उलटी आहे. लाकडात उतरणारी शक्ती तारेच्या हिश्शातून जाते. सूर लांबवायचा असेल तर ती तारेतच राहायला हवी.

मग सेट नेकची लेस पॉल आणि फेंडर कंपनीची बोल्ट-ऑन टेलिकास्टर यांच्या आवाजात फरक का? फरक आहेच. पण 1952 साली आलेल्या लेस पॉलची स्केल, म्हणजे तारेची कंपणारी लांबी, पावणेपंचवीस इंचांची, टेलिकास्टरची साडेपंचवीस. एकीची बॉडी महोगनीची, दुसरीची अ‍ॅश किंवा आल्डरची. 1957 पासून लेस पॉलमध्ये हंबकर पिकअप, टेलिकास्टरमध्ये मात्र सिंगल कॉइल. इतक्या गोष्टी बदलल्यावर सारे श्रेय एकट्या सांध्याला कसे देता येईल? वाद्यनिर्माते आर. एम. मोटोला यांनी एकाच वाद्यावर सांधा बदलून मोजणी केली आणि 2007 मध्ये निष्कर्ष मांडले. बोल्ट-ऑनचा सस्टेन कमी भरला नाही. रॉक गिटारवादक डेव्हिड गिलमोरचे लांबत जाणारे सूर फेंडरच्या ज्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरवर वाजले, तिची मानही स्क्रूंनीच बसवलेली होती.

बचतीचा आरोप खरा आहे, पण तो दोष नव्हे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. जे बिघडेल ते सुटे करून दुरुस्त करता यावे, हीच त्याची दृष्टी होती आणि 1950 पासून त्याच्या गिटारी तशाच बनल्या. स्क्रू हलके आणि सरस कुलीन, हा भेदही इतिहासात टिकत नाही. स्ट्रॅडिव्हेरीच्या व्हायोलिनींच्या माना मुळात सरसासोबत खिळ्यांनीही जोडलेल्या होत्या. टेलरसारखी कंपनी आपल्या महागड्या अकूस्टिक गिटारींची मान बोल्टने बसवते.

कुणी मिरजेच्या सतारीचा दाखला देईल. तिथे दांडी चिकटवूनच बसवतात, आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या कारागिरीपुढे मी नतमस्तक आहे. पण मिरजेत तो सांधा सोडवून पुन्हा बसवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या त्याच गल्लीत आहेत. गिटारीची चिकटलेली मान वाफेने सोडवून नवा कोन देणारा माणूस मात्र सहज सापडत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो आणि जूनअखेर हवा ओलीचिंब होते. अशा हवेत लाकूड हलणारच. बोल्ट-ऑनचा कोन बिघडला तर तारा सैल करायच्या, स्क्रू काढायचे, मान बसते त्या बॉडीच्या खाचेत पातळ पट्टी सरकवून मान पुन्हा आवळायची. तासाभराचे काम. मान पार वाकली तर ती बदलता येते, बॉडी वाया जात नाही.

सेट नेकचा एक गुण मान्य करायला हवा: सांध्याची टाच निमुळती ठेवता येते, त्यामुळे वरच्या फ्रेटवर हात मोकळा फिरतो. ज्याचे वादन तिथेच रमते, त्याने ती जरूर घ्यावी. आणि वाईट बोल्ट-ऑनही असतेच. 1971 पासूनच्या तीन स्क्रूंच्या स्ट्रॅटोकास्टरच्या माना सरकतात अशी तक्रार झाली, आणि बदनामी साऱ्या जातीची झाली.

तेव्हा दुकानात गेल्यावर सांध्याचे नाव विचारू नका. खाचेत फट दिसते का ते पाहा. दोन्ही कडेच्या तारा फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का ते तपासा. मान हलक्या हाताने बाजूला दाबून सोडा आणि सूर पुन्हा लावून बघा. तो ढळला नाही आणि हाताला ती मान मानवली, तर चार स्क्रूंची गिटार निःशंक घ्या.