अगस्त्यांची बॅटरी आणि जावरचं जस्त

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या विज्ञान प्रदर्शनांत ‘अगस्त्यांची बॅटरी’ अजून अधूनमधून भेटते. मातीचं मडकं, तांब्याचा पत्रा, मोरचुदाचं पाणी, ओला लाकडी भुसा (आलापल्लीच्या सागाचा असला तर विचारायलाच नको) आणि पारा चोळलेली जस्ताची पट्टी. मल्टिमीटरवर १.१च्या आसपास आकडा उमटतो, टाळ्या पडतात. सोबत निकालही ऐकायला मिळतो : बॅटरी अगस्त्य ऋषींची, श्रेय मात्र व्होल्टाने लाटलं. महाऔष्णिक केंद्राची वीज लांब जाते आणि राख आमच्या वाट्याला येते, त्यामुळे श्रेय लाटलं म्हटलं की आमचे कान जरा लवकरच टवकारतात.

आकडा खोटा नाही. पण तो व्होल्ट सांगतो, शतक सांगत नाही. तांबं, जस्त आणि मोरचूद यांचा घट जॉन डॅनियलने १८३६ साली लंडनमध्ये केला. त्याचा दाबही १.१ व्होल्टच. अशुद्ध जस्त तार जोडलेली नसतानाही आम्लात झिजत राहतं, म्हणून त्याला पारा चोळायचा, ही युक्ती विल्यम स्टर्जनने १८३०च्या सुमारास पुढे आणली. व्होल्टाच्या १८००च्या चळतीत ना मोरचूद होता, ना पारा. होत्या धातूंच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. चोराने घरात शिरून दागिने तिथेच ठेवावेत आणि पायपुसणं उचलावं, अशी ही चोरी! शिवाय ही बॅटरी ज्यात असल्याचं सांगतात, ती परिचित अगस्त्यसंहिता हा रामोपासनेचा ग्रंथ. विजेचे श्लोक फिरू लागले ते विसाव्या शतकात, रावसाहेब कृष्णाजी वझे यांच्या संदर्भाने; तोवर डॅनियलचा घट जुना झाला होता.

यावर हमखास विचारतात, मग सगळं गोऱ्यांनीच केलं का? मुळीच नाही. त्यांच्या पाट्याही तपासून घ्याव्यात. वीज साठवणारी बाटली आधी १७४५ साली क्लाइस्टला साधली, नाव मात्र लायडन गावाचं झालं, कारण क्लाइस्टचं वर्णन वाचून इतरांना प्रयोग जमेना. मार्कोनीने १९०१ साली अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकताना पाऱ्याचा संवेदक वापरला. तशा संवेदकावरचा जगदीशचंद्र बोसांचा निबंध १८९९ सालीच रॉयल सोसायटीपुढे आला होता. इथे भांडायला कागद आहे, तारीख आहे. इथे जरूर भांडावं.

आणि त्या मडक्यातलीच एक वस्तू खरोखर आपली आहे : जस्त. तापवलं की हे धातुरूपात हाती न लागता वाफ होऊन उडतं. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरला कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या लावून ती वाफ खाली उतरवली, थंड केली. उत्खननात एकेका भट्टीत अशा ३६ मुशींची मांडणी सापडली. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताचं पेटंट घेतलं १७३८ साली; तोवर जावरच्या भट्ट्यांना कित्येक पिढ्या उलटून गेल्या होत्या. त्या कारागिरांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही, पण वापरलेल्या मुशींचे ढीग तिथे आजही पडून आहेत. प्रदर्शनातल्या मडक्याशेजारी अशा एका मुशीचं चित्र लावायला कुणाची हरकत आहे?