सिंगलच्या मागच्या बाजूची गाणी स्टेडियममध्ये कशी पोचली? ओएसिस आणि बी-साइडच्या अल्बमची गोष्ट

४ जुलै २०२५. वेल्समधल्या कार्डिफचं प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम खचाखच भरलेलं. २००९ मध्ये पॅरिसमध्ये भांडून वेगळे झालेले नोएल आणि लियाम गॅलाघर हे सख्खे भाऊ १६ वर्षांनी 'ओएसिस' या नावाने एका स्टेजवर आले. पुढे ही टूर ४१ शोंची झाली आणि २३ नोव्हेंबरला ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये संपली.

या टूरमध्ये बँड रोज साधारण तीच २३ गाणी वाजवत होता. 'वंडरवॉल' होतं, 'डोन्ट लुक बॅक इन अँगर' होतं, 'लिव्ह फॉरेव्हर' होतं. पण यादी नीट पाहिली तर एक गंमत दिसते. 'ॲक्विएस', 'फेड अवे', 'टॉक टुनाइट', 'हाफ द वर्ल्ड अवे' आणि 'द मास्टरप्लान' ही ५ गाणी बँडच्या कुठल्याच स्टुडिओ अल्बममध्ये नव्हती. ती 'बी-साइड' होती. म्हणजे दुसऱ्याच गाण्याच्या सिंगलसोबत, सीडीवर जागा आहे म्हणून दिलेली गाणी.

आणि तरीही अख्खं स्टेडियम ती तोंडपाठ म्हणत होतं.

हे कसं झालं? त्याचं बरंचसं उत्तर १९९८ साली आलेल्या एका अल्बममध्ये आहे.

आधी हे समजून घेऊ, बी-साइड म्हणजे काय?

ज्यांनी कॅसेट उलटून लावली आहे त्यांना हे लगेच कळेल. जुन्या मराठी भावगीतांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांनाही दोन बाजू असायच्या, एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं.

१९४९ मध्ये अमेरिकेत आरसीए व्हिक्टर कंपनीने ४५ आरपीएमची छोटी, सात इंची तबकडी आणली. पॉप आणि रॉकचा 'सिंगल' हा प्रकार याच तबकडीवर वाढला. कंपनीला जे गाणं रेडिओवर वाजवायचं असे, जे हिट करायचं असे ते 'ए' बाजूला. मागची बाजू कोरी ठेवून चालणार नाही म्हणून तिथे दुसरं एखादं गाणं. ती झाली 'बी-साइड'.

या मागच्या बाजूने अनेकदा धक्के दिलेत. १९५४ चं 'रॉक अराउंड द क्लॉक' आधी बी-साइड होतं. ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह' बी-साइड होतं. स्टेडियममध्ये टाळ्यांच्या ठेक्यावर ऐकू येणारं क्वीनचं 'वी विल रॉक यू' हेही १९७७ मध्ये 'वी आर द चॅम्पियन्स'च्या मागच्या बाजूला आलं होतं.

मागच्या बाजूला पैसा किती?

इथे खरी गोम आहे. सिंगल विकत घेणारा माणूस दोन्ही बाजूंचे पैसे मोजतो. त्यामुळे तबकडीच्या विक्रीतून गीतकार-संगीतकाराला मिळणारी रॉयल्टी दोन्ही गाण्यांना सारखीच मिळायची, मागची बाजू कुणी ऐको न ऐको.

याचं गाजलेलं उदाहरण क्वीनचंच. १९७५ मध्ये फ्रेडी मर्क्युरीने लिहिलेलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सुपरहिट झालं. त्याच्या मागे ड्रमर रॉजर टेलरचं 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार' होतं. सिंगल लोकांनी 'ऱ्हॅप्सडी'साठी घेतला, पण टेलरलाही तेवढीच रॉयल्टी मिळाली. यावरून बँडमध्ये कुरबुरीही झाल्या.

ओएसिसमध्ये हा प्रश्न नव्हता. नव्वदच्या दशकात त्यांची जवळपास सगळी गाणी नोएलच लिहायचा. पुढची बाजू त्याची, मागचीही त्याचीच. त्याच्यापुढे अडचण वेगळीच होती.

नोएलला एवढी गाणी लिहावी का लागली?

नव्वदच्या दशकात तबकडीची जागा सीडीने घेतली. सीडीला मागची बाजू नसते, पण 'बी-साइड' हा शब्द टिकला. उलट जागा वाढली. ब्रिटनमध्ये सिंगलच्या एका सीडीवर तीन-चार गाणी द्यायची पद्धत पडली. त्यातलं एक हिट, बाकीची नवी. नवी गाणी असली की अल्बम आधीच घेतलेला चाहताही सिंगल विकत घेतो आणि चार्टमध्ये नंबर वर जातो, असं हे साधं गणित होतं.

काही बँड तर एकाच सिंगलच्या दोन वेगवेगळ्या सीडी काढत. ऑगस्ट १९९५ मध्ये ब्लर आणि ओएसिसचे सिंगल्स एकाच दिवशी आले आणि ब्रिटनच्या वर्तमानपत्रांनी त्याची 'लढाई' करून टाकली. तेव्हा ब्लरच्या 'कंट्री हाउस'च्या दोन सीडी बाजारात होत्या. ब्लरने सुमारे २ लाख ७४ हजार प्रती विकल्या, ओएसिसच्या 'रोल विथ इट'ने सुमारे २ लाख १६ हजार.

या शर्यतीत बँडला सतत नवी गाणी पुरवावी लागत. बहुतेक बँड अशा वेळी लाइव्ह रेकॉर्डिंग, रीमिक्स किंवा अर्धवट राहिलेलं काहीतरी देऊन वेळ मारून नेत. नोएल मात्र पूर्ण, नवी आणि चांगली गाणी देत राहिला.

एप्रिल १९९५ मध्ये आलेला 'सम माइट से' हा सिंगल पाहा. ब्रिटनमध्ये नंबर वन झालेला ओएसिसचा हा पहिला सिंगल. त्याच्या सीडीवर 'टॉक टुनाइट', 'ॲक्विएस' आणि 'हेडश्रिंकर' अशी आणखी ३ गाणी होती. 'वंडरवॉल'च्या सीडीवर 'द मास्टरप्लान' होतं. 'व्हॉटेव्हर'सोबत 'हाफ द वर्ल्ड अवे' होतं. 'सिगारेट्स अँड अल्कोहोल'सोबत 'फेड अवे' होतं. दुसऱ्या एखाद्या बँडने यातल्या कुठल्याही गाण्यावर अख्खा अल्बम उभा केला असता.

मग 'द मास्टरप्लान' कशासाठी?

ब्रिटनमधल्या चाहत्यांकडे ही गाणी होती, पण दहा-बारा वेगवेगळ्या सीडींवर विखुरलेली. ब्रिटनबाहेरच्या चाहत्यांची तर पंचाईतच होती. ही गाणी ऐकायची तर बाहेरून आलेले महागडे सिंगल्स शोधून घ्यावे लागत.

२ नोव्हेंबर १९९८ ला 'द मास्टरप्लान' हा अल्बम आला. त्यात १९९४ ते १९९७ या काळातल्या सिंगल्ससोबत आलेली १४ गाणी होती. जुन्या, आधीच विकल्या गेलेल्या गाण्यांचा हा अल्बम ब्रिटनच्या चार्टमध्ये थेट दुसऱ्या नंबरवर गेला.

महत्त्वाचं म्हणजे यात सगळ्या बी-साइड्स घेतल्या नाहीत. 'वंडरवॉल'च्याच सीडीवरचं, ब्रास वाद्यांनी भरलेलं 'राउंड आर वे' वगळलं. क्रम तारखेनुसार लावला नाही. सुरुवात 'ॲक्विएस'ने होते, त्यात कडवी लियाम गातो आणि ध्रुवपद नोएल. मधे बीटल्सच्या 'आय ॲम द वॉलरस'चं लाइव्ह रूप येतं. शेवट 'द मास्टरप्लान'ने होतो. म्हणजे हे गोळा केलेलं सामान नव्हतं. नव्या अल्बमसारखी त्याला सुरुवात होती, मध्य होता आणि शेवटही होता.

सगळे बँड असंच करतात का?

नाही. बी-साइड गोळा करण्याच्या साधारण तीन पद्धती दिसतात.

पहिली, राहिलेलं भरून काढणं. बीटल्सचे मूळ ब्रिटिश अल्बम १९८७ मध्ये सीडीवर आले, तेव्हा 'हे ज्यूड' आणि 'शी लव्हज यू'सारखी गाणी त्यात नव्हती, कारण ती फक्त सिंगल म्हणून आली होती. म्हणून १९८८ मध्ये 'पास्ट मास्टर्स'चे दोन भाग काढले. त्यात ३३ गाणी आली. 'रेन' आणि 'रेव्होल्यूशन' या गाजलेल्या बी-साइड्सही त्यात होत्या.

दुसरी, सगळं काही देणं. द क्युअर या बँडने २००४ मध्ये 'जॉइन द डॉट्स' हा ४ सीडींचा संच काढला. त्यात ७० गाणी. पक्क्या चाहत्यासाठी हा खजिना, नव्या माणसासाठी मात्र जरा जडच.

तिसरी, निवड करणं. 'द मास्टरप्लान' या प्रकारातला. आर.ई.एम. या अमेरिकन बँडने १९८७ मध्ये 'डेड लेटर ऑफिस' काढला, तेव्हा गिटारिस्ट पीटर बकने त्याची तुलना जुन्या बाजारात फेरफटका मारण्याशी केली होती. कुठे रद्दी, कुठे एखादी चीज. ओएसिसने मात्र फक्त चिजा उचलल्या.

हा चाहत्यांच्या खिशाला कात्री लावण्याचा प्रकार नाही का?

हा आरोप जुना आहे आणि तो पूर्ण खोटाही नाही. ज्याने १९९५ मध्ये सिंगल घेतला, त्याला १९९८ मध्ये तेच गाणं पुन्हा विकलं. २००६ मध्ये 'स्टॉप द क्लॉक्स' हा निवडक गाण्यांचा संग्रह आला, त्याच्या १८ गाण्यांत ४ बी-साइड्स होत्या. २०२३ मध्ये 'द मास्टरप्लान'ची २५ वर्षं पूर्ण झाली म्हणून रीमास्टर केलेली आवृत्ती आली. एकच गाणं, चार वेळा बिल.

कंपनीसाठी हा सोपा धंदा असतो. रेकॉर्डिंगचा खर्च आधीच झालेला, गाणी तयार, फक्त हक्क आणि टेप हाताशी हव्यात.

पण दुसरी बाजूही आहे. १९९८ मध्येच बीबीसीवर 'द रॉयल फॅमिली' ही मालिका सुरू झाली आणि तिचं शीर्षकगीत होतं 'हाफ द वर्ल्ड अवे'. २०१५ मध्ये जॉन लुईस या दुकानांच्या साखळीने ख्रिसमसच्या जाहिरातीत हेच गाणं नॉर्वेच्या ऑरोराच्या आवाजात वापरलं. मालिका पाहून गाणं आवडलेल्या माणसाला आता दुकानात जाऊन जुना सिंगल शोधावा लागत नव्हता. एका अल्बमचं नाव सांगता येत होतं. गाणं लोकांपर्यंत पोचायला त्याचा पत्ता लागतो, आणि तो पत्ता या अल्बमने दिला.

नुकसान कुणाचं झालं?

खुद्द ओएसिसचं. ऑगस्ट १९९७ मध्ये त्यांचा तिसरा अल्बम 'बी हिअर नाउ' आला. पहिल्याच दिवशी ब्रिटनमध्ये ४ लाखांहून जास्त प्रती गेल्या. पण ७१ मिनिटांचा हा अल्बम, त्यातली लांबत गेलेली गाणी आणि गिटारवर चढवलेले गिटारचे थर यामुळे सुरुवातीचं कौतुक लवकरच ओसरलं.

त्याच्या पुढच्या वर्षी 'द मास्टरप्लान' आला आणि लोकांना हिशेब दिसला. तिसऱ्या अल्बमसाठी जी गाणी हवी होती, ती नोएलने आधीच मागच्या बाजूला खर्च करून टाकली होती. आपण चांगली गाणी बी-साइडला उधळली, हे त्याने पुढे मुलाखतींमध्ये स्वतः मान्य केलंय. सिंगलची सीडी भरण्याच्या घाईची किंमत बँडने अशी मोजली.

आता स्ट्रीमिंगच्या काळात बी-साइड उरलीय का?

तांत्रिकदृष्ट्या नाही. ॲपवर गाण्याला पुढची-मागची बाजू नसते. सगळी गाणी एका रांगेत असतात आणि पैसे ज्याच्या-त्याच्या प्लेवर मिळतात. रॉजर टेलरसारखं हिटच्या पाठीवर बसून कमावणं आता शक्य नाही.

सगळं उपलब्धही आहे. ओएसिसच्या पहिल्या तीन अल्बमच्या 'डिलक्स' आवृत्त्या २०१४ पासून आल्या, त्यात वगळलेलं 'राउंड आर वे'सुद्धा मिळतं. मग संकलनाची गरज काय?

गरज आहे ती निवडीची. डिलक्स आवृत्तीत मूळ अल्बम, डेमो, लाइव्ह आणि बी-साइड्स मिळून तीन-तीन डिस्कची गाणी एकापाठोपाठ लागलेली असतात. त्यातलं कुठलं थांबून ऐकायचं हे ती यादी सांगत नाही. ॲपचा अल्गोरिदम सांगतो, पण तो बहुतेकदा आधीच गाजलेल्याकडेच नेतो. 'वंडरवॉल' ऐकणाऱ्याला तो आणखी एकदा 'वंडरवॉल'च ऐकवेल. त्याच सीडीवर चौथ्या नंबरला बसलेल्या 'द मास्टरप्लान'कडे कुणीतरी बोट दाखवावं लागतं.

१९९८ मध्ये ते बोट दाखवलं गेलं. म्हणून २०२५ मध्ये बँड शेवटच्या ४ गाण्यांसाठी स्टेजवर परतायचा, तेव्हा पहिलं गाणं 'वंडरवॉल' नसायचं. 'द मास्टरप्लान' असायचं. 'वंडरवॉल' त्याच्यानंतर, तिसऱ्या नंबरला.

कुठून सुरुवात कराल?

ओएसिस कधीच ऐकलं नसेल तर 'सम माइट से' आणि लगेच 'ॲक्विएस' लावा. दोन्ही एकाच सीडीवर होती. यातलं पुढच्या बाजूला कुठलं असायला हवं होतं, यावर ओएसिसचे चाहते ३० वर्षं वाद घालतायत.