श्रोतृमंडळ आणि इंग्रजीचा वर्ग

दूरदर्शन व रेडिओवरील जुन्या कार्यक्रमांचा इंग्रजीच्या अध्यापनात उपयोग करावा, ही सूचना आता नवी राहिलेली नाही. ध्वनिचित्रफिती मोबाइलवर मिळू लागल्यापासून ग्रामीण भागातील अनेक शिक्षक तसा उपयोग करतातही. मात्र कार्यक्रम लावणे आणि कार्यक्रमातून शिकवणे या दोहोंत मोठे अंतर आहे, आणि ते स्पष्ट करणारा एक प्रयोग, इंग्रजीशी त्याचा संबंध नसला तरी, पुणे व आणखी काही जिल्ह्यांत होऊन गेला आहे.

1956 साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई; गावकरी तो एकत्र बसून ऐकत, निमंत्रकाच्या पुढाकाराने त्यावर चर्चा करत आणि न उलगडलेले प्रश्न केंद्राकडे पाठवत. या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूराथ यांनी केले. श्रोतृमंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत जी भर पडली, तिच्या मानाने रेडिओ असून मंडळ नसलेल्या गावांतील भर फारच थोडी होती, असे त्यात आढळले. म्हणजे शिकणे घडले ते यंत्रामुळे नव्हे, तर यंत्राभोवती उभ्या केलेल्या रचनेमुळे.

हाच निष्कर्ष पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे किंवा शिक्रापूर येथील मराठी माध्यमाच्या वर्गाला लागू करता येतो. राज्यात 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जाते. सणसवाडी व रांजणगावच्या कारखान्यांमुळे या भाषेची गरजही घराच्या उंबरठ्याशी आली आहे. तरीही पाठ्यपुस्तकाबाहेरची बोललेली इंग्रजी विद्यार्थ्यांच्या कानावर क्वचितच पडते. अशा वर्गात अर्ध्या तासाचा कार्यक्रम सलग दाखवला, तर विद्यार्थी चित्रे पाहतात आणि भाषा तशीच निसटते. त्याऐवजी सघन श्रवणाचा, म्हणजे एकच छोटा उतारा प्रत्येक वेळी वेगळ्या हेतूने पुन्हा पुन्हा ऐकण्याचा, मार्ग धरावा. ऐकण्यापूर्वी प्रसंग मराठीत सांगावा. पहिल्या वेळी कोण कोणाशी बोलत आहे एवढेच विचारावे. दुसऱ्या वेळी चारपाच नेमके शब्द पकडायला लावावेत. आणि शेवटी, श्रोतृमंडळाप्रमाणेच, न समजलेले प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतः लिहून द्यावेत. या अखेरच्या पायरीवर सर्वाधिक वेळ खर्चावा, कारण कोणता शब्द कानाला ओळखू आला नाही हे शिक्षकाला तिथेच कळते. प्रत्यक्षात मात्र तास संपत आल्याने नेमकी तीच गाळली जाते.

कार्यक्रमांच्या निवडीबाबत या मासिकाचे मत स्पष्ट आहे. 'माइंड युवर लँग्वेज' ही 1977 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेली विनोदी मालिका आपल्याकडील शिक्षकांची लाडकी असली, तरी तिचा विनोद परदेशी विद्यार्थ्यांच्या चुकांवर व उच्चारांवर उभा आहे; ज्याला बोलताना आधीच संकोच वाटतो त्याच्यापुढे ती ठेवणे शहाणपणाचे नाही. तिच्यापेक्षा सिद्धार्थ बसू यांच्या 1985 च्या 'क्विझ टाइम'सारखा कार्यक्रम कितीतरी उपयुक्त, कारण प्रश्नमंजूषेत वाक्यरचना आटोपशीर असते, तीच पुन्हा पुन्हा येते, आणि उच्चार भारतीय कानाला परके वाटत नाहीत. निव्वळ रेडिओचा विचार केल्यास 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने 1959 साली सुरू केलेली 'स्पेशल इंग्लिश' ही सेवा, जिच्यात सुमारे 1500 शब्दांच्या मर्यादेत आणि संथ गतीने बातम्या वाचल्या जात, पाचवी ते आठवीच्या वर्गांना झेपेल. चित्र नसणे ही येथे उणीव नाही. कानावरच विसंबावे लागल्याने लक्ष भाषेवर राहते.

कायद्याची भीती अनेकदा बोलून दाखवली जाते. कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 52 नुसार शैक्षणिक संस्थेच्या कामकाजात, श्रोते शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी व पालक यांच्यापुरते मर्यादित असतील तर, ध्वनिमुद्रण किंवा चित्रपट ऐकवण्या-दाखवण्यास मुभा आहे. तोच उतारा शाळेच्या नावाने समाजमाध्यमावर टाकणे मात्र या सवलतीत बसत नाही.