एकच लेन्स, तोरण्याच्या चढणीसाठी

पाऊस ओसरू लागला की पुण्याहून वेल्ह्याकडे निघणाऱ्या कुटुंबांची वर्दळ वाढते, आणि हल्ली प्रत्येक गाडीत एखादा तरी कॅमेरा असतोच. हा मुलूख छायाचित्रकाराची कसून परीक्षा घेतो. तोरण्याच्या बुधला माचीवर उभे राहिले की समोर राजगडापर्यंतचा सारा डोंगरपट एका चौकटीत बसवावासा वाटतो. पायाशी बोटभर उंचीचे रानफूल असते. आणि तेवढ्यात दरीतून वर येणारा सर्पगरुड डोक्यावर घिरट्या घालू लागतो. या तिन्ही गोष्टी एकाच लेन्सने टिपता आल्या तर, हा मोह अगदी स्वाभाविक आहे.

हा मोह जुनाही आहे. टॅमरॉन या जपानी कंपनीने १९९२ मध्ये २८-२०० मिलिमीटरची आटोपशीर झूम लेन्स आणली, तेव्हापासून प्रवासी छायाचित्रकारांना या प्रकाराची गोडी लागली. त्याच कंपनीची २०१७ मधील १८-४०० ही लेन्स लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी आहे. मोठ्या सेन्सरच्या हिशेबात तिचा पल्ला साधारण २७ ते ६०० होतो. निकॉनने २०२४ मध्ये मोठ्या सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी २८-४०० आणली. दोन्हींचे वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. पक्षी टिपणाऱ्यांची आवडती १५०-६०० ही लेन्स मात्र एकटीच दोन किलोच्या घरात जाते, आणि तिच्याबरोबर गडाचे दृश्य टिपायला दुसरी लेन्स लागतेच.

तोरण्याची उंची १४०३ मीटर. वेल्ह्याहून बिनी दरवाजाकडे जाणारी वाट ज्यांनी चढली आहे त्यांना वजनाचा हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. शेवटच्या टप्प्यात दोन्ही हात मोकळे लागतात. त्यात ढग अंगावरून जात असताना लेन्स बदलणे म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात ओल शिरू देणे. सह्याद्रीतील दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, आणि ती काढण्याचा खर्च जुन्या लेन्सच्या किमतीशी स्पर्धा करतो. एकच लेन्स सदैव कॅमेऱ्यावर राहिली तर हा धोका पुष्कळ कमी होतो. पुष्कळ, पूर्ण नव्हे. कारण झूम करताना पुढे सरकणारी नळी दर वेळी बाहेरची हवा आत ओढतेच. घरी परतल्यावर लेन्स कोरडी पुसून सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवणे हे लेन्स निवडण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

आता या सोयीची किंमत. दूरच्या टोकाला या लेन्सचे छिद्र एफ ६.३ किंवा एफ ८ पर्यंतच उघडते. एफ ४ च्या तुलनेत एफ ६.३ ला प्रकाश अडीच पटींनी कमी मिळतो, एफ ८ ला चौपट कमी. उघड्या माचीवर हे जाणवत नाही. मढे घाटाच्या वाटेवरील दाट सावलीत शीळकरी कस्तूर दिसला की मात्र लगेच जाणवते. चारशे मिलिमीटरला सेकंदाच्या चारशेव्या भागाइतका तरी वेग हवा, लहान सेन्सर असेल तर सहाशेव्या. तो मिळवायला आयएसओ वाढवावा लागतो आणि चित्र दाणेदार होते. लेन्समधील स्थिरीकरण हात स्थिर करते, पक्षी नव्हे, हे दुकानात कोणी सांगत नाही. शिवाय अशा अनेक लेन्स जवळच्या वस्तूवर रोखल्या की त्यांचा खरा पल्ला आकसतो. चार-पाच मीटरवरील शिंजीर वेष्टनावरच्या ‘४००’ या आकड्यावरून वाटतो तेवढा मोठा येत नाही.

नेमक्या याच ठिकाणी गोष्ट गंभीर होते. चित्रात पक्षी लहान दिसला की छायाचित्रकाराचे पाय आपोआप पुढे पडतात. घरटे असेल तर आई-बाप उडून जातात, आणि जितका वेळ माणूस तेथे उभा तितका वेळ अंडी उघडी राहतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणेही येते. हातात बंदूक नसली तरी कायदा त्याला त्याच नावाने ओळखतो. म्हणून दूरच्या टोकाचे मिलिमीटर मोजायचे ते मोठे चित्र मिळावे म्हणून नव्हे, तर किती दूर थांबता येईल यासाठी. पक्षी खाणे थांबवून मान ताणून पाहू लागला, सारखा ओरडू लागला, तर तेवढे अंतर पुरेसे नाही. तेथे लेन्स कोणतीही असो, मागे फिरावे.

गड, माणसे, फुले आणि ओघात दिसलेला पक्षी एवढी अपेक्षा असलेल्या कुटुंबाने सर्वसमावेशक झूम निःशंक घ्यावी. ज्याचे मन केवळ पक्ष्यांतच रमते, त्याने चढणीचा हट्ट सोडून भाटघरच्या जलाशयाकाठी बैठक मारावी आणि जड लेन्स तिपाईवर ठेवावी. निर्णय होत नसेल तर पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. शनिवार-रविवारपुरती आणून ती आधी तोरण्यावर चढवून पाहावी. खरेदी करताना नळी मिटवून ठेवणारी कळ आहे ना, एवढे आवर्जून तपासावे. ती नसेल तर गळ्यात लटकणारी लेन्स चढणीवर आपल्याच वजनाने लांबते आणि पहिल्याच कातळावर आपटते.