तेजाब ओतणारा हात

शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव हायड्रोक्लोरिक आम्ल. हिंगोलीच्या बाजारात फिनाईलच्या डब्यांशेजारी ते नुसतं 'ॲसिड' म्हणून मिळतं. आमच्या मोहल्ल्यात जुनी माणसं अजून तेजाब म्हणतात. नावं तीन, वस्तू एक. मात्र ठिकाण बदललं की तिच्याशी वागायची रीत बदलते, आणि माझी तक्रार तिथेच आहे.

प्रयोगशाळेत शिक्षक पोरांना त्या बाटलीला हात लावू देत नाहीत. जस्ताच्या तुकड्यांवर चार थेंब टाकायचे तेही भरपूर पाणी घालून सौम्य केलेल्या आम्लाचे. बाटलीवर चिठ्ठी असते, कपाटाला कुलूप असतं. तेच आम्ल मोरीत येतं तेव्हा कितीतरी तीव्र असतं. कंपनीच्या संडास-क्लीनरमध्ये ते साधारण दहा टक्के असतं; सुट्या बाजारातलं तीस टक्क्यांच्या घरात जाऊ शकतं. आणि ते येतं कशात, तर थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत, झाकणाला खिळ्याने भोक पाडून. वर चिठ्ठी नाही, खाली कुलूप नाही. तहानलेल्या पोराने ती बाटली तोंडाला लावली तर दोष कुणाला द्यायचा?

तेजाब लागतंच कशाला, असं कुणी म्हणेल. तर आपला जिल्हा काळ्या दगडावर बसलेला आहे आणि बहुतेकांचं पाणी बोअरचं. ते जड असतं. फरशीवर, नळावर, संडासाच्या भांड्यावर पांढरा-पिवळा थर धरतं. तो थर म्हणजे मुख्यतः चुना. आम्ल पडलं की तो फसफसून विरघळतो, पाच मिनिटांत भांडं लख्ख. हे सुख मला कळतं. पण तेच आम्ल फरशीच्या सांध्यातलं सिमेंट खातं, संगमरवराची चकाकी घालवतं आणि सेप्टिक टँकमध्ये जास्त गेलं तर मैला कुजवणारे जिवाणू मारतं. ओतणाऱ्याच्या अंगावर उडालं तर कातडी भाजतं. उडालं नाही तरी त्यातून सुटणारी वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून पांढऱ्या धुरासारखी दिसते. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, छाती भरून खोकला येतो. दम्याच्या माणसाला तर ती वाफ फारच महागात पडते.

याहून मोठा धोका दुसऱ्या डब्यात आहे. पावसाळ्यात विहिरी आणि टाक्या शुद्ध करायला ग्रामपंचायत टीसीएल पावडर वापरते. ती घरोघरी ओळखीची आहे. संडास 'डबल स्वच्छ' व्हावा म्हणून आधी पावडर आणि मग वर तेजाब टाकणारे लोक मी पाहिले आहेत. या दोघांच्या मिसळण्यातून क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, म्हणून लहान, बंद मोरीत खाली साचून राहतो. नेमका तिथे, जिथे खाली बसून घासणाऱ्या बाईचं तोंड असतं. हाच वायू 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मन फौजेने सोडला होता. त्याच्या तोंडी सापडलेल्यांत फ्रेंच फौजेतले अल्जीरियन सैनिक होते. चार दिवसांनी त्याच आघाडीवर जमादार मीर दस्त यांनी वायूचा मारा सोसत पलटण सांभाळली आणि जखमी अधिकाऱ्यांना उचलून आणलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या वायूसमोर शिपाई हतबल झाले, तो आपण दोन डबे एकत्र करून मोरीत तयार करतो आणि दार लावून घेतो.

कायदा नाही असं नाही. लक्ष्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2013 रोजी आदेश दिला. दुकानदाराने विक्रीची नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचं फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र पाहायचं, कशासाठी हवं ते विचारायचं, अठरा वर्षांखालच्याला विकायचं नाही. साठा प्रांताधिकाऱ्यांना कळवायचा. न कळवल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आणि दवाखाने यांनीही वापराची नोंद ठेवायची आणि आम्लाची जबाबदारी एका माणसावर सोपवायची. याच वर्षी, 2 मे रोजी, नौदलाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू व्हायला आलेल्या प्रीती राठी यांच्यावर वांद्रे टर्मिनसवर तेजाब फेकलं गेलं. महिनाभराने त्या गेल्या. असा आदेश हवाच होता, आणि तो कागदावर राहू नये. मी गेल्या वर्षात दोन-तीनदा सुटं ॲसिड घेतलं; ओळखपत्र कुणी मागितलं नाही, वही कुणी उघडली नाही.

पण आदेश पूर्ण पाळला गेला तरी एक माणूस त्याच्या बाहेर राहतो. कायदा तेजाब फेकणाऱ्या हाताकडे पाहतो. तेजाब ओतणाऱ्या हाताकडे कोण पाहतं? तो हात बहुतेक वेळा घरातल्या बाईचा, धुणीभांडी करणाऱ्या मावशीचा, पालिकेच्या सफाई कामगाराचा, आणि आपल्या मस्जिदीत खादिमचा असतो.

इथे मला आपल्याच जमातीशी बोलायचं आहे. रमजानच्या आधी मस्जिदीची सफाई निघते. रंग होतो, नवे दिवे लागतात, कुणी कालीन देतं, कुणी कूलर. देणाऱ्यांची नावं जुम्याला पुकारली जातात. वजूखाना आणि संडास घासायचं काम खादिमवर येतं. त्याच्या हातात तेजाबाची बाटली आणि खराटा. पायात स्लीपर, हात उघडे, तोंडावर रुमाल. तो रुमाल वाफ अडवत नाही, भिजला की उलट ती धरून ठेवतो. तहारतीवर आपण तासभर बयान ऐकतो. ती तहारत ज्याच्या हातांनी होते, त्या हातांना दीड-दोनशे रुपयांचे रबरी हातमोजे मिळू नयेत? चंदा कमी पडतो हे मला पटत नाही. प्रश्न कुणाची कातडी मोलाची मानायची याचा आहे.

आपल्याला अभिमानाची कमी नाही. जलशात जाबिर इब्न हय्यानचं नाव निघतं, 'किमिया' आणि 'अल्कली' हे शब्द अरबीतून जगाला मिळाले हे सांगितलं जातं. ते खरंच आहे. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया उभी राहणार याचाही आनंद आहे. केंद्राने एप्रिल 2023 मध्ये त्यासाठी 2,600 कोटी मंजूर केले. पण प्रयोगशाळा म्हणजे आधी शिस्त: काय हाताळतोय ते माहीत असणं आणि हाताळणाऱ्याची काळजी घेणं. ती शिस्त मोरीपर्यंत आली नाही, तर अभिमान भाषणातच राहील.

करायचं ते फार नाही. सुटं तेजाब घेऊच नका. घ्यावंच लागलं तर मूळ डब्यात, चिठ्ठीसकट, पोरांच्या हाताला न लागेल असं कुलपात ठेवा. सौम्य करायचं तर पाण्यात थोडं थोडं आम्ल घाला, आम्लावर पाणी कधीच ओतू नका. ते उकळून अंगावर उडतं. कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायात बूट, दार-खिडकी उघडी. टीसीएल किंवा ब्लीचसोबत कुठलंच आम्ल नको. रोजच्या थरासाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्व गरम पाण्यात घालून रात्रभर ठेवलं तरी काम होतं. वेळ जास्त लागतो, फुफ्फुसं वाचतात. ब्लीचमध्ये मात्र तेही मिसळू नका.

डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि मग दवाखाना. अंगावर पडलं तर भिजलेले कपडे आधी काढा, पाणी ओतत राहा. आपला जिल्हा हळदीचा असला तरी त्यावर हळद नको, टूथपेस्ट नको, सोडाही नको. कुणी प्यायलं तर उलटी करवू नका. तोंड धुवून तडक रुग्णालय गाठा. वाफेने दम कोंडला तर माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा.

मस्जिदीच्या कमिट्यांना, शाळांच्या व्यवस्थापनाला आणि घराच्या कर्त्यांना माझी मागणी एवढीच आहे. पुढच्या सफाईच्या यादीत फिनाईल आणि खराट्याच्या वर पहिली ओळ हातमोज्यांची लिहा. आणि जुम्याला नावं पुकारताना एक नाव खादिमचंही घ्या.