घर रिकामे, विमा बेभरवशाचा

उन्हाळा लागला की अकोल्याच्या जुन्या शहरात आणि अमरावतीच्या जुन्या मोहल्ल्यांत बांधकामे निघतात. माळवद उतरवून स्लॅब टाकायचा, खाली दुकान काढायचे, म्हणून कुटुंब भाड्याच्या खोलीत जाते. दोन महिन्यांचे काम पावसाळ्यापर्यंत लांबते. विम्याचा हप्ता भरलेला असल्याने मालक निश्चिंत असतो. आमच्या मते ही निश्चिंती महागात पडणारी आहे.

दुकान-गोदामाच्या नेहमीच्या आग विमा पॉलिसीत एक शर्त असते. इमारत 30 दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिली, तर त्या मालमत्तेपुरते संरक्षण थांबते. कंपनीची मंजुरी पॉलिसीवर नोंदवलेली असेल तरच ते टिकते, आणि ही नोंद नुकसानीच्या आधीची लागते. वापर बदलून धोका वाढला, तरी तोच नियम. बंद घरात वेल्डिंगची ठिणगी आणि पॉलिशवाल्याचे थिनर एकत्र आले, तर काय होते ते कारागिराला सांगायला नको.

घरांसाठी 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. आग, पूर, दंगल यांचे नुकसान तिच्यात येते. दंगलीचे मोल अमरावतीने नोव्हेंबर 2021 मध्ये आणि अकोल्याने मे 2023 मध्ये पाहिले. मात्र तोडफोडीने किंवा दुरुस्तीने जमीन खचून झालेली हानी तिच्यात धरत नाहीत. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते; शेजारची भिंत तडकली तर वाद ठरलेलाच.

"कळवले तर हप्ता वाढेल," असे काही व्यापारी म्हणतात. वाढेलही. पण दावा नामंजूर होण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. एजंटांनीही हप्ता घेताना ही शर्त मराठीत समजावून सांगितली पाहिजे; बारीक इंग्रजी अक्षरे कोण वाचतो?

तेव्हा बंधूंनो, घर सोडण्याआधी कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. मोठ्या कामासाठी बांधकामाचा वेगळा विमा मिळतो. त्यात जुनी इमारतही धरली आहे का, ते विचारा. काम संपल्यावर वाढलेल्या क्षेत्रफळाप्रमाणे विम्याची रक्कम वाढवून घ्या. एका अर्जाचा आळस आयुष्याच्या कमाईवर पडू नये.